हिरोंची नावं मी का दिली नाहीत

महिला दिनाला मंठ्यात माझा सत्कार झाला. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘कॅन्सरला हरवणारी रणरागिणी’. अगं बाई! मी पिठाची गिरणी चालवते. रणात मी कधी गेले नाही, गेले ती जालन्याच्या दवाखान्यात, तेही एसटीनं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी महिला मंडळाच्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “शोभाताई, तुमच्या या प्रवासातले हिरो कोण? घरातले, शेजारचे, ज्यांनी साथ दिली ते. त्यांची नावं द्या, त्यांनापण शाल-नारळ ठेवू. शनिवारपर्यंत सांगा.”

मी हो म्हणून फोन ठेवला आणि तिथून माझं डोकं फिरलं. दळणात ध्यान लागेना. एकाच्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी पाडली. एक नाव काढावं तर त्याच्यामागं काहीतरी वाईट आठवायचं. वाईट माणसाचं नाव खोडावं तर त्यानं केलेलं चांगलं आठवायचं. शेवटी मी एकही नाव दिलं नाही. खुर्चीवर एकटी बसले, शाल घेतली, घरी आले. आता लोक म्हणतात, काय गर्विष्ठ बाई आहे, एवढ्या माणसांनी केलं अन् एकाचं नाव घेतलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दुसरंही कारण आहे. माझ्यासारखी कुणी बाई आज रिपोर्ट पिशवीत घालून घरी निघाली असेल. तिला निदान कुणीतरी खरं सांगावं.

गाठ

गाठ दिवाळीच्या आधी हाताला लागली. आंघोळ करताना. हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत गिरणीवर चकलीच्या भाजणीची ही रांग असते, तेव्हा छातीला हात लावून कोण बसतं? संक्रांतीपर्यंत ती सुपारीएवढी झाली. तेव्हाही मी गप्पच. बायांनो, हा मूर्खपणा करू नका. एवढं एक वाचून हे बाजूला ठेवलं तरी चालेल.

शेवटी रजिया आपाला सांगितलं. रजिया आपा म्हणजे समोरच्या घरातल्या. त्यांच्या-माझ्यात साखर-पत्ती सगळं चालतं. त्यांनी हात लावून बघितलं आणि माझ्या पाठीत धपाटाच घातला. “अगे पागल है क्या तू? इतने दिन छुपाके बैठी?” चपला घालायला सुद्धा वेळ दिला नाही, तशीच मंठ्याच्या डॉक्टरकडं नेली. त्यांनी जालन्याला पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासायला दिला.

रिपोर्टच्या दिवशी माझे मालक सोबत होते. घरात आम्ही त्यांना गौरीचे पप्पा म्हणतो, गौरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. गौरीचे पप्पा आधीच म्हणाले, “साधीच गाठ असंल ना मॅडम?” त्या म्हणाल्या, “साधी नाही. पण उपचार आहे, आणि आपण करायचा आहे.” हे ऐकून मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले, जणू काही त्यात पुढचं सगळं लिहिलंय. मी विचारलं, “गिरणी किती दिवस बंद ठेवावी लागंल?” डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला काय विचारायचं होतं ते त्यांना कळलं असावं. मी मरणार का, हे मला तोंडातून काढता येत नव्हतं.

घरी आले तर गिरणीवर आठ डबे रांगेत. मी पट्टा चढवला आणि दिवस मावळेपर्यंत दळत राहिले. हात थांबला की डोकं सुरू व्हायचं. आत सासूबाई मोठ्यानं रडत होत्या. आमच्या घराला आणि थोरल्या दिरांच्या घराला एकच भिंत आहे. इकडं भांडं पडलं तरी तिकडं कळतं. ते रडणं तिकडं गेलं, आणि तिकडं माझी थोरली जाऊ होती.

माझी चूक

जाऊबाईंचं नाव मथुरा. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. बाई माझ्याशी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आजारपणात मला मरायची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण तिच्या खालोखाल एकच भीती होती, की बाईंची माफी मागायची राहून जाईल.

गौरीच्या बारशाची गोष्ट. बाईंना मूलबाळ नाही. पण गौरीचं अंगडं-टोपडं त्यांनी स्वतः शिवलं होतं, लाल काठाचं. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहिल्या, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू झालं. लेकरू पाळण्याखालून इकडून तिकडं जाऊ लागलं. बाई पुढं आल्या आणि त्यांनी गौरीला घेतलं. मागून कुणीतरी ‘च्च’ केलं. कुणी केलं ते मला आजही माहीत नाही. पण मी बाळंतीण, डोक्याला स्कार्फ बांधून खाटेवर बसलेली, मी उठले आणि लेकरू त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, “तुम्ही नका, बाई.”

एवढंच. तीन शब्द.

बाईंनी पदर सावरला आणि घरी गेल्या. त्या दिवसापासून अबोला. त्यांनी दळण सुद्धा आमच्याकडं आणलं नाही. आमच्या गिरणीच्या दारावरून, डोक्यावर डबा घेऊन, स्टँडजवळच्या गिरणीवर जायच्या. अख्खी गल्ली बघायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, येतील बोलायला. दुसऱ्या वर्षी वाटलं, आपणच जावं. तिसऱ्या वर्षापासून त्याची सवय झाली. सवय झाली की माणूस निर्लज्ज होतो.

दोन सीट मागं

पहिल्या किमोच्या दिवशी मालकांना कापसाच्या कामानं अडवलं होतं, निदान ते तसं म्हणाले. सासूबाईंचे गुडघे गेलेले. रजिया आपांना मी म्हटलं, तुम्ही गिरणी बघा, मी जाईन एकटी. स्टँडवर फाईल छातीशी धरून उभी होते. गाडी लागली, चढले. मागून बाई चढल्या.

मी बघितलं नाही असं दाखवलं. त्यांनीपण. बरोबर दोन सीट मागं बसल्या, मांडीवर वायरची पिशवी. कंडक्टरला म्हणाल्या, “एक जालना.” माझं तिकीट त्यांनी काढलं नाही आणि त्यांचंही मला काढू दिलं नाही. वाटूर फाटा येईपर्यंत माझी मान अवघडली, मागं वळून बघायची इच्छा मारून मारून. उतरल्यावर मी पुढं, त्या दहा पावलं मागं. दवाखान्याच्या दारात शिपायानं विचारलं, “पेशंटसोबत कोण?” मागून आवाज आला, “मी.”

सलाईनचा स्टँड

किमोच्या खोलीत सहा खाटा होत्या. वर पंखा, खाली पिवळी बादली. लाल औषध सुरू झालं की तोंडात लोखंडाची चव यायची. आम्हा बायकांची तिथं एक वेगळीच पंचायत होती. कुणी कुठलं लोणचं चाखलं तर मळमळ थांबते, कुणाच्या नखांचा रंग कसा झाला, हेच बोलणं. मला तिथं तोंडात बर्फ धरायला एका मावशींनी शिकवलं. तोंड आलं होतं, भाकरीचा तुकडा सुद्धा जात नव्हता. त्यावर ज्वारीच्या कण्या ताकात भिजवून खाल्ल्या तर जातात. कुणाला कामाला येईल म्हणून सांगते.

बाई खाटेशेजारी स्टुलावर बसायच्या. पण अबोला तो अबोलाच! एरवी घरात निरोप द्यायचा तर मधे सासूबाई असायच्या, गौरी असायची. इथं मधे कुणीच नव्हतं. मग बाई सलाईनच्या स्टँडशी बोलायच्या. स्टँडकडं तोंड करून म्हणायच्या, “पाणी पाहिजे असंल तर सांगावं माणसानं.” नाहीतर सिस्टरला म्हणायच्या, “सिस्टर, जरा पेशंटला विचारा, मळमळ होऊन राह्यली का?” सिस्टर म्हणायच्या, “अहो, त्या समोरच आहेत, तुम्हीच विचारा की.” बाई म्हणायच्या, “तुम्ही विचारा. तुमचं कामच हे ते.”

पलीकडच्या खाटेवर तीर्थपुरीच्या कौसाबाई होत्या. दोन वेळा त्यांनी हे बघितलं. तिसऱ्या वेळी त्या माझ्याशी हातवारे करून बोलायला लागल्या. तोंडाशी बोटं नेऊन, जेवलीस का. गालाला हात लावून, झोप लागली का. मला काही कळेना. शेवटी मी म्हटलं, “मावशी, असं काय करून राह्यल्या?” त्या दचकून खाटेवर उठून बसल्या. “अगं माय! तुला ऐकू येतं व्हय? मला वाटलं तू बहिरी हायेस, म्हणून ही बाई दुसऱ्याला विचारून राह्यली.” सगळी खोली हसली. मी हसले, त्यात उलटी झाली. बादली कुणी धरली? बाईंनीच. आणि तोंडावर हसू येऊ नये म्हणून त्या खिडकीकडं बघत होत्या.

नऊ दिवस

दुसऱ्या किमोनंतर केस गळायला लागले. भाकरीत केस, पिठात केस. गिरणीवाल्या बाईच्या पिठात केस निघाला तर गिऱ्हाईक थांबेल का? मी गौरीच्या पप्पांना म्हटलं, मशीन लावा आणि काढून टाका सगळे. ते तयार झाले. अंगणात खुर्ची टाकली. कपाळापासून मागपर्यंत एक पट्टा काढला. मग त्यांचा हात थांबला. मशीन खाली ठेवलं, चप्पल घातली आणि निघून गेले.

कुठं गेले कळेना. फोन बंद. मी अर्ध्या डोक्यानं खुर्चीवर बसून राहिले. रडू येत नव्हतं, राग येत होता, एवढा की खुर्ची उचलून फेकावी. गौरी शाळेतून यायची वेळ झाली होती. तिनं मला असं बघायला नको होतं. कुंपणाच्या दारातून बाई आल्या. मशीन उचललं. माझी मान हातानं खाली केली, जोरात, जशी लहान लेकराला आंघोळ घालताना करतात तशी, आणि सगळं डोकं साफ केलं. मग केस गोळा केले. जाताना चुलीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “डोक्याला खोबरेल लावावं.”

मालक नवव्या दिवशी परत आले. धावड्याला माझ्या नणंदेकडं जाऊन पडले होते. म्हणाले, “मला बघवंना.” मी म्हटलं, “मला तरी कुठं बघवत होतं? पण माझं डोकं मला सोडून धावड्याला जाता येत नव्हतं.” ते दुसऱ्या दिवसापासून भाकरी करायला शिकले. पहिल्या आठ दिवसांच्या भाकरी कुत्र्यानं सुद्धा हुंगून सोडल्या. नंतर बऱ्या जमल्या. पुढं माझ्या उलट्यांची बादली सुद्धा धुतली त्यांनी. पण ते नऊ दिवस गेले ते गेलेच.

फ्लेक्सवाल्यांनी त्यांचाही फोटो टाकायचं काढलं होतं, ‘खंबीर साथ देणारे पती’ म्हणून. त्यांनीच हात जोडले. मला म्हणाले, “माझं नाव देऊ नको. मला लाज वाटती.” त्या दिवशी मला ते जरा आवडले, खरं सांगते. हिरो म्हणून स्टेजवर बसवलं असतं तर त्यांना ते नऊ दिवस आयुष्यभर लपवावे लागले असते, आणि मलाही त्यांच्यासाठी लपवावे लागले असते.

रजिया आपांना विचारलं, तुमचं नाव देऊ का? त्यांनी पाच महिने माझी गिरणी चालवली, गिरणीच्या दगडाला टाकी लावून धार करायला सुद्धा शिकल्या. त्या डोळे वटारून म्हणाल्या, “हीरो-वीरो कुछ नै गे. तेरी गिरणी बंद रहती तो मेरेकू जवारी लेके स्टँड तक जाना पड़ता था. और मेरा नाम लेगी तो देख.” संपला विषय.

आणि मी? मी काय लढले? मी हात पुढं केला, त्यांनी सुई टोचली. मी ओरडले, घरच्यांना शिव्या दिल्या, दोन वेळा किमोला जाणार नाही म्हणून दार लावून बसले. आमच्या खोलीतल्या कौसाबाई माझ्यापेक्षा कितीतरी शांत होत्या, जास्त सोसणाऱ्या होत्या, आणि त्या गेल्या. मग त्या हरल्या म्हणायचं का? असलं कुणी म्हटलं की माझ्या अंगाची लाही होते.

ऑपरेशन

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. आत न्यायच्या आधी हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवर निजवलं. मालक कागदांवर सह्या करत होते. बाई माझ्या पायाशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधी बोलणार.  मी म्हटलं, “बाई…”

बाईंनी लगेच मान फिरवली आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, “पेशंटला बोलू देऊ नका. दम लागतो.” ट्रॉली आत गेली.

मला भूल चढेपर्यंत मनात एकच होतं, की एवढं करून सुद्धा ह्या बाईला माझं तोंड नकोय. शुद्ध आली तेव्हा एक बाजू सपाट होती आणि काखेतून नळी निघाली होती. त्या नळीची पिशवी पुढं पंधरा दिवस बाईंनीच रिकामी केली. रोज किती पाणी आलं ते गौरीच्या जुन्या वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायच्या. माझ्याशी एक शब्द नाही.

ओटी

सगळे उपचार संपले. डोक्यावर मऊ केस आले, कोंबडीच्या पिलासारखे. तुळशीच्या लग्नानंतर धावड्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. मी मामी. नवरीची ओटी भरायचा मान माझा. जरीची साडी नेसले, ब्लाऊजमध्ये कापूस भरला, तांदूळ-नारळ घेऊन पुढं गेले. नणंदेच्या जाऊबाईंनी माझा हात हळूच धरला. फार प्रेमानं म्हणाल्या, “तुम्ही नका. तुम्हाला दगदग व्हायची. बसा तिकडं.”

दगदग! मी सकाळी वीस पायल्या दळून गेले होते.

माझे कान तापले. नारळ हातात तसाच. कुणाकडं बघावं कळेना. मागं सतरंजीच्या कडेला, भिंतीला टेकून बाई बसल्या होत्या. प्रत्येक लग्नात, प्रत्येक डोहाळजेवणात त्या तिथंच बसायच्या. अकरा वर्षं मी हे बघत होते आणि मला वाटायचं, त्यांना पुढं पुढं करायला आवडत नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. फक्त शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. मी तिथं बसले. बाईंच्या शेजारी बसायची लाज वाटत होती आणि उठून जायला दुसरी जागा नव्हती.

त्यानंतर मला चैन पडेना. रोज ठरवायचे, आज बोलते. रोज भिंतीपलीकडून त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा आणि मी परत गिरणीकडं वळायचे. पुढची तपासणी जवळ येत होती. तपासणी जवळ आली की झोप उडते, ती आयुष्यभर उडत राहणार असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. त्यात हा महिला मंडळाचा फोन. म्हटलं, निमित्त मिळालं. नाव देऊन राह्यले म्हणून सांगायला जावं, आणि त्यातच बाकीचं बोलून घ्यावं.

गच्चीवर

शुक्रवारी सकाळी बाई त्यांच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. गव्हाचा चीक शिजवून वर आणला होता, वाफ निघत होती. आमच्या दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. मी ती ओलांडली. ओलांडताना ऑपरेशनच्या बाजूनं कळ आली, तरी ओलांडली.

म्हटलं, “बाई, तुमचं नाव देऊन राह्यले मी कार्यक्रमाला.”

बाईंनी सोऱ्या दाबला. सोऱ्यालाच म्हणाल्या, “नावबिव काही देऊ नये म्हणावं.”

“सोऱ्याला कशाला सांगता? मला सांगा.”

 एक कुरडई वाकडी पडली.

मग मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा खाली उतरले असते. “बाई, बारशाला माझं चुकलं. लेकरू तुमच्या हातातून ओढलं मी. कुणी सांगितलं म्हणून न्हाई, माझ्याच मनात होतं ते. अकरा वर्षं मला कळत नव्हतं असं न्हाई. कळत होतं. तोंड उघडत नव्हतं माझं.”

बाईंनी सोऱ्या खाली ठेवला. हात पातेल्याच्या काठाला पुसला. आणि अकरा वर्षांनी माझ्याकडं, माझ्या डोळ्यांकडं बघून बोलल्या.

“मला तिसरा महिना होता तवा.”

मी खाली बसले. स्लॅब तापला होता, तरी बसले.

“कुणाला सांगितलं नव्हतं. आधीचे दोन गेल्ते ना, म्हणून. म्हणलं, आज तुझ्या लेकराला पाळण्यात घालू, चांगला शकुन होईल, मंग सगळ्यायला सांगू. आन् तू म्हणली, तुम्ही नका. पंधरा दिवसांनी ते बी गेलं.”

बाईंनी पातेलं बाजूला सारलं.

“तुझ्या बोलण्यानं न्हाई गेलं. पिशवी कमजोर होती, डॉक्टरनं सांगितल्तं. मला बराबर माहीत होतं. तरी मी न्हाणीत बसून तुला तळतळाट दिल्ता. म्हणलं, हिचं दूध आटो. हिच्या छातीला किडे लागो.” बाईंनी ती वाकडी कुरडई मोडून टाकली. “मंग तुला तिथंच गाठ आली. तुझी सासू रडली तवा मी इकडं भाकरी थापून राह्यल्ते. माझ्या मनात आलं, मथुरे, तूच खाल्लं हिला. आन् तू मला हिरो म्हणती? गुन्हेगार हे मी. म्हणून येत होते दवाखान्यात. आन् बोलत नव्हते ते रागानं न्हाई गं. राग कवाच गेला. मला ह्या तोंडाची भीती वाटायची. एकदा बोलले त हे झालं. अजून काही निघालं तोंडातून, आन् तू मेली तर?”

खरं सांगते, आधी मला रागच आला. माझ्या छातीला किडे! मग त्या गेलेल्या लेकराचं डोक्यात शिरलं, गौरीएवढंच असतं ते आज, आणि राग कुठं गेला कळलं नाही. म्हटलं, “बाई, गाठ कुणाच्या तळतळाटानं येत न्हाई. डॉक्टरीणबाईंनी मला साफ सांगितलंय.”

“डॉक्टर काहीबी म्हणतेत.”

“बरं, काय म्हणल्या होत्या तुम्ही? दूध आटो?”

“हो.”

“कधी म्हणल्या?”

“सांगितलं ना. तू ओली बाळंतीण होती तवाच.”

“मंग आटलं का?”

बाई बघत राहिल्या.

“गौरी अडीच वर्षं पीत होती, बाई! कडुलिंब लावला, कोरफड लावली, तरी सोडत नव्हती. शाळेत बालवाडीला जाईपर्यंत पदर ओढायची, सगळी गल्ली हसायची. रजिया आपा टायफॉइडनं पडल्या तवा त्यायच्या अफजलला बी मीच पाजलं. एकीकडं ही, एकीकडं तो. कुठं आटलं दूध? भिंतीपलीकडं राहून तुम्हाला एवढं दिसलं न्हाई?”

बाईंच्या तोंडाचा आ झाला. बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या, महिने मोजत असाव्यात. मोजता मोजता त्यांचे खांदे खाली आले. पदर तोंडात कोंबला आणि रडल्या, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांचा हात माझ्या सपाट बाजूवर आला तेव्हा त्यांनी तो काढून घेतला नाही. चीक गार होऊन दगड झाला.

मी नाक पुसलं. म्हटलं, “तुमच्या जिभेत काही दम न्हाई, बाई. उगंच मला वर्षभर सलाईनच्या स्टँडकडून निरोप पाठवले. आता बोला. काय बोलायचं ते बोला, मला काही होत न्हाई.”

आणि बाई बोलल्या. अकरा वर्षांचं बोलल्या. माझा चहा कसा पाणचट असतो, गौरीला मी कशी लाडावून ठेवली, गौरीच्या पप्पांना त्या नऊ दिवसांबद्दल चपलेनं मारायला पाहिजे होतं, आणि बारशाला लेकरू ओढलं तेव्हा माझं नख त्यांच्या मनगटाला कसं लागलं होतं. ऊन डोक्यावर आलं तरी थांबल्या नाहीत. त्यातलं निम्मं तर मला शिव्याच होत्या. त्या सगळ्या मी पोटभर खाल्ल्या.